मरायला टेकलेल्या राक्षसावर राब कशाला?

काका, काल तुमचं तेरावं झालं. जेवणावळ उठली, मांडव सोडून टेंपोत भरला, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले. मग मी तुमच्या ओटीवर बसून आपल्या खेळातल्या सांगलीच्या दादाला फोन केला आणि तुम्ही गेल्याचं सांगितलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की तुम्ही रुसला आहात. मागच्या लढाईनंतर मी तुम्हाला जे बोलले, ते त्यानं ऐकलं होतं ना.  तो म्हणाला, कोंबड्यांची गाडी घेऊन पनवेलला येणं होतंच, एकदा वाट वाकडी करून काकांना भेटायचं मनात होतं. आवाज ओळखीचा झाला, तोंड बघायचं राहिलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ते काल सगळ्यांनी बोलून घेतलं. तुम्ही किती कष्टाळू होतात, रसायनीच्या कंपनीत कधी खाडा केला नाहीत, भावकीच्या वादात कधी आवाज चढवला नाहीत. हे शेवटचं ऐकून मला त्या गर्दीतही हसू आलं. माझ्याशी तुम्ही रोज दुपारी आवाज चढवून भांडत होतात, आणि तेही मोबाइलमधल्या एका राक्षसावरून. ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, याचा मला राग आहे. दुःख आहेच, पण माझ्याकडे राग आधी पोचतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

नात्यानं तुम्ही माझे चुलत सासरे. संदेशशी लग्न होऊन या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण तुमच्याशी माझं बोलणं म्हणजे "जेवायला वाढू का" आणि "गोळ्या वेळेवर घेता ना", एवढंच. दुसरं वाक्य शिळफाट्यावर माझं औषधांचं दुकान आहे म्हणून. सुनेनं सासऱ्यांपुढं जास्त बोलू नये असा नियम तुमच्या घरात कुणी सांगत नाही, पण पाळतात सगळे. मीही पाळत होते, आणि माझ्यासारखीला ते किती जड जात होतं ते माझं मला माहीत.

मग माझ्या नणंदेचा साखरपुडा आला. हॉलच्या मागं, आचाऱ्यांच्या बाजूला, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला मी फोन घेऊन बसले होते. पुढं ओट्या भरणं चाललेलं आणि मी एका रानडुकरावर बाण सोडत होते. घरची मोठी सून असं करताना सापडली तर काय होतं, ते सांगायला नको. मागून आवाज आला, "मेलं का ते?"

तुम्ही होतात. मी फोन मांडीवर पालथा घातला, पदर सारखा केला आणि तोंडातून खरंच निघून गेलं, "नाही, पळालं."

"मंग जा की त्याच्या मागं. पालथा कशाला घालतेस?"

तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. पुढच्याच रविवारी सिक्स सीटरनं शिळफाट्याला आलात, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिलात आणि तुमचा नंबर आल्यावर औषधाच्या चिठ्ठीऐवजी फोन पुढं केलात. "घाल यात," म्हणालात. तुमची बायपास होऊन काही महिने झाले होते. शेतात जायचं नाही, वजन उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. उभा जन्म शिफ्ट आणि शेती दोन्ही ओढलेल्या माणसाला ओटीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लावलं होतं. मी खेळ घातला. तेव्हा मला वाटलं, आठवडाभर खेळतील आणि कंटाळतील.

तुम्ही कंटाळला नाहीत. उलट मलाच दमवलंत.

आता मी थोडं बाकीच्यांसाठी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. तुम्ही मधे बोलू नका. या खेळात चौघांची टोळी करून राक्षसाशी लढायचं असतं. आमच्या टोळीत सांगलीचा दादा ढाल घेऊन पुढं उभा राहायचा, नागपूरची एक कॉलेजातली पोरगी सगळ्यांच्या जखमा भरून काढायची, मी लांबून बाण मारायची. बाण लागला की राक्षसाचं रक्त तिथल्या तिथं कमी होतं, वरच्या लाल पट्टीत दिसतं. चौथी जागा तुमची. मी म्हटलं, तलवारवाला घ्या, सोपा असतो. तुम्ही सगळी पात्रं मला एकेक करून वाचायला लावलीत आणि एका दाढीवाल्या मांत्रिकावर बोट ठेवलंत. त्याच्याकडं विष, ताप आणि धुमसती आग असे तीन प्रयोग होते. टाकले की लगेच काहीच होत नाही. मग हळूहळू, थोडं थोडं करून राक्षसाचं रक्त गळत राहतं, बराच वेळ. त्या वेळात मांत्रिक दुसरं काहीही करायला मोकळा.

तुमचा चेहरा उजळला होता. "हा तर राब हाय गं," म्हणालात.

राब म्हणजे काय ते आमच्या कर्जतकडे वेगळं सांगावं लागत नाही. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, तिथं उन्हाळ्यात शेण, तोडलेल्या झाडफांद्यांचं कवळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे भडका उडत नाही, आतल्या आत धुमसत जातं आणि जमीन खोलवर भाजून निघते. डॉक्टरांनी तुम्हाला त्या वर्षी राब लावायला बंदी केली होती. तुमच्या शेतात तो दुसऱ्याच कुणीतरी लावला आणि तुम्ही त्याला लांबून शिव्या घालत बसलात. मग तुम्ही मोबाइलमध्ये लावायला लागलात. आमच्या टोळीत त्या तिन्ही प्रयोगांना राब हेच नाव पडलं. नागपूरची पोर, जिनं जन्मात भाताचं खाचर बघितलं नाही, तीसुद्धा ओरडायची, "काका, राब संपला, लावा ना!"

आणि तो वाऱ्याचा घोळ. पहिले काही दिवस तुमचा मांत्रिक लढाई सुरू झाली की उभा राहायच्या जागी न राहता राक्षसाला वळसा घालून पलीकडं पळायचा, शेपटीचा तडाखा खायचा आणि मरायचा. दर वेळी. मी विचारलं, काका, तिकडं काय ठेवलंय? तुम्ही म्हणालात, वारं इकडून हाय, राब तिकडून लावाया लागंल. मी म्हटलं, खेळात वारा नसतो. तर तुम्ही मलाच वेड्यात काढलंत. "डोळं हायत का नाय तुला? तो झेंडा कुनीकडं उडतोय ते बघ." झेंडा खरंच उडत होता. चित्र काढणाऱ्यानं उडवला होता. त्याचा आगीशी काही संबंध नाही हे तुम्हाला पटवायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि पटल्यावरही तुम्ही म्हणालात की मग ज्यानं खेळ केला त्याला आगीतलं काही कळत नाही.

पण राब कधी लावायचा, हे तुम्हाला माझ्याआधी उमगलं, हे मी कबूल करते. लढाई लांबणार असेल तर सगळ्यात आधी राब, मग बाकीचं. किरकोळ प्राण्यावर लावायचा नाही, तो दोन बाणांत मरतो आणि आग फुकट जाते. पहिला संपत येईपर्यंत त्याच्यावर दुसरा चढवायचा नाही. हे मला लगेच पटलं, एक कोर्स पोटात असताना दुसरा सुरू करू नका असं मी दिवसभर काउंटरवरून सांगतच असते. आणि पळायची वेळ आली तर आधी राब टाकायचा, मग पळायचं, कारण आपण झाडामागं लपलो तरी तो आपलं काम करत राहतो. दुपारी दोन ते चार शिळफाट्याचा बाजार सुस्त असतो. कानात वायर घालून मी काउंटरमागं आणि तुम्ही तुमच्या माजघरात, अशा आपल्या लढाया व्हायच्या. मधेच कुणी खोकल्याचं औषध मागायला आलं की मी झाडामागं लपायची आणि तुम्ही म्हणायचात, "दे त्याला, मी हाय हितं."

त्या दुपारी मला किती बरं वाटायचं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. या घरात ज्याला मी मोठ्या आवाजात "अहो, चुकताय तुम्ही" असं म्हणू शकत होते, असं एकच माणूस होतं. गणपतीत सगळी जमली होती तेव्हा तर आपण विसरूनच गेलो. मी मोदक वळत होते, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे होतात, आणि आपलं जुंपलं. मी म्हणत होते, विष आधी टाका. तुम्ही म्हणत होतात, ताप आधी, मग विष. सासूबाईंच्या हातातली पारी तशीच राहिली. घरात कुणाला विष घालायचं चाललंय, असं त्यांनी शेवटी विचारलंच.

आपला खरा वाद मात्र एकाच गोष्टीवर होता. राक्षस मरायला टेकला, पट्टीत रक्ताचा थेंबभर लाल रंग उरला, की तेव्हा राब टाकू नये. तो हळू काम करतो, आणि राक्षसाला आता हळू मारून चालणार नसतं. तुमच्या मांत्रिकाकडं वीज होती. जागेवर उभं राहून ती लागोपाठ पाडली की चार-सहा ठोक्यांत खेळ खलास. हे शेंबड्या पोराला कळेल. आणि तुम्ही, ज्यांनी आम्हाला राब शिकवला, तेच ऐन मोक्याला तिन्ही राब एकदम ओतायचात आणि माईक बंद करून गायब व्हायचात. रोज नाही, पण बऱ्याचदा. मांत्रिक तिथं पुतळ्यासारखा उभा. आम्ही हाका मारतोय. कधी राक्षस त्या राबानं मरायचा, कधी तो तुम्हाला मारायचा. तुम्ही थोड्या वेळानं परत यायचात आणि विचारायचात, "काय झालं?"

सांगलीच्या दादाचं मत होतं की काकांना डुलकी लागते. नागपूरच्या पोरीला वाटायचं, तुमच्या गावात नेट जातं. मला वाटायचं, तुम्ही हट्टी आहात. विचारलं की म्हणायचात, असू दे गं, राब वाया जात नाय. यावर मी कागदावर हिशोब मांडून दाखवला असता तरी तुमचं उत्तर बदललं नसतं.

शेवटची लढाई गुरुवारची. तो खडकातून उठणारा राक्षस, ज्यानं आम्हाला किती दिवस रडवलं होतं. त्या दुपारी सगळं जुळून आलं. दादाची ढाल हलली नाही, पोरीनं कुणाला पडू दिलं नाही, माझा एक बाण चुकला नाही. राक्षसाचं रक्त नखाएवढं उरलं. मी ओरडले, काका, वीज! तुम्ही तिन्ही राब टाकलेत आणि गप्प झालात. राक्षसानं पुतळ्यासारख्या उभ्या मांत्रिकाला एका फटक्यात आडवं केलं, मग दादाला, मग आम्हा दोघींना. तुमचा राब तुम्ही पडल्यावरही त्याचं रक्त गाळत होता. पण पुरला नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा मी बोलायचं ते बोलले. टोळीसमोर, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना. तुम्ही चिडला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुला नाय कळायचं ते. रविवारी पोपटीला या दोघं, मंग बघू."

वालाच्या शेंगा भरल्या होत्या, पोपटीच्या मडक्यात शेंगांबरोबर घालायचा भांबुर्ड्याचा पाला तुमच्या बांधावर माजला होता. मी मनात सगळं तयार करून ठेवलं होतं. मडकं जाळात असताना, शेंगा शिजेपर्यंत, तुम्हाला समोर बसवून हा वाद निकालात काढायचाच. शनिवारी सकाळी तुम्ही मडकं आणायला खालापूरला निघालात, शर्ट घातलात, चपला घालायला पलंगावर बसलात आणि तिथंच आडवे झालात. संदेशला फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होते.

काका, पुढचं सांगायला मला जड जातंय, पण तुम्हाला ते कळायला हवं. काकू रडत होत्या, पण तुमच्यावर रागावून रडत होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायका बसल्या असताना त्या माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "देवानं आपरेशनच्या वरचं एक वरीस दिलं त्यांना. ते पन त्यांनी फोनला दिलं. माझा कंटाळाच आलेला त्यांना."  माझ्याकडं कुणी बघितलंही नाही, आणि ते जास्त लागलं, कारण फोनमध्ये खेळ कुणी घातला ते सगळ्यांना माहीत होतं.  

मी काय सांगणार होते? की तुम्ही आमच्याशी हसायचात? ते तर त्यांनी रोज भिंतीपलीकडून ऐकलं होतं. माजघरात तुम्ही खो खो हसताय आणि स्वयंपाकघरात त्या एकट्या, हे त्यांच्या बाजूनं बघितलं तर कसं वाटत असेल? पन्नासेक वर्षांच्या संसाराचा शेवट हा, की नवऱ्याला आपला कंटाळा आला होता, एवढंच मनात धरून ही बाई पुढची वर्षं काढणार, याची मला फार भीती वाटली. दहा दिवस मी येत-जात होते. त्यांच्याशेजारी बसायची, पाणी द्यायची, गोळी द्यायची. दुःखाला वेळ लागतो, तो द्यावा. पण हे दुःख नव्हतं फक्त. अपमान होता, आणि तो खोटा आहे असं मला आतून वाटत होतं. नुसतं वाटून काय उपयोग.

काल सगळे गेल्यावर संदेश भांडी पोचवायला गेला आणि घरात आम्ही दोघीच उरलो. काकू उठून आत गेल्या. तांदळाच्या कोठीतून तुमचा फोन काढून आणला, पदरानं पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"चालू कर. काय एवडं होतं यात, मला बघू दे."

मी तो चार्जिंगला लावला. खेळ उघडला. तुमचा मांत्रिक गावाच्या वेशीत उभा होता, मेलेले परत उठून जिथं येतात तिथं. काकू फोन लांब धरून बघत राहिल्या.

"हे ते? दाढी कशाला ठेवली?"

मी म्हटलं, दाढी खेळवाल्यांनी दिलीय. त्यांनी मान हलवली, पण दाढी त्यांना पसंत पडलेली नव्हती. मी मांत्रिकाला बाहेरच्या रानात नेलं, एक अस्वल शोधलं आणि राब टाकून दाखवला. बघा, आता आपण काहीच करत नाही, तरी ते कमी होतंय. राब त्यांना समजावावा लागला नाही. उभ्या आयुष्यात तुमच्यापेक्षा जास्त कवळ त्यांनी डोक्यावरून वाहिलंय. अस्वल मेलं. त्यांनी विचारलं, मोठा राक्षस असला की किती वेळ लागतो? मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मदी थांबवता येतं का? टीव्ही बंद करतात तसं?"

"नाही काकू. एकदा सुरू झालं की उठता येत नाही. उठून गेलं तरी राक्षस थांबत नाही, आपल्याला मारतो."

त्या फोनकडं बघतच होत्या. "मंग मी हाक मारली की हे कसे यायचे?"

"यायचे?"

"यायचे की. एका हाकेत. जरा थांब म्हनून कदी नाय बोलले. फोन ठेवायचे आनि यायचे. पन तोंड असं करून, जसा काय मी गुन्हा केलाय. म्हनून तर मला वाटायचं..."

काका, माझा हात फोनवर तसाच राहिला. वीज पाडायची तर जागेवर उभं राहून पाडत राहावं लागतं. राब मात्र टाकून उठता येतं, तो मागं काम करत राहतो. एवढी साधी गोष्ट, आणि मी, जी तुम्हाला खेळातली अक्कल शिकवत होते, वर्षभर तुम्हाला हट्टी म्हणत राहिले. काकूंची हाक आली की तुम्ही हातात असेल ते सगळं त्या राक्षसावर ओतायचात आणि उठायचात. आमचं जे व्हायचं ते होवो. तोंड वाकडं व्हायचं ते काकूंवर नाही. इकडं आम्ही हरत असू म्हणून.

आणि सांगायला काय झालं होतं? पण तुम्ही सांगणार नाहीत, हेही मला लगेच कळलं. माझा नवरा मला विचारून भाजी आणतो म्हणून त्याला चारचौघांत बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणणारे तुम्हीच. सुनेसमोर, सांगलीच्या परक्या माणसासमोर तुम्ही कसं म्हणणार होतात की बायकोनं हाक मारली, मी चाललो? त्यापेक्षा राब वाया जात नाही म्हणालात आणि माझे टोमणे खाल्लेत.

मी हे सगळं काकूंना सांगितलं. सावकाश, दोनदा सांगितलं. हेही सांगितलं की खेळणारी माणसं हाक ऐकत नाहीत. आई हाक मारून दमते, ताट निवून जातं, पोरं मान वर करत नाहीत. मी स्वतः दुकानात लढाई चालू असताना संदेशचा फोन घेत नाही. एका हाकेला उठणारा मी एकच माणूस बघितला, आणि त्यापायी आम्ही किती लढाया हरलो ते मला विचारा.

"माझ्या हाकेपायी?"

"हो."

त्यांनी फोन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. वेशीत उभ्या असलेल्या त्या दाढीवाल्याकडं बघत त्यांनी विचारलं, शेवटची लढाई कधी होती. मी सांगितलं, गुरुवारी, दुपारी, चारच्या आसपास. सगळ्यात मोठा राक्षस, मरतच आला होता. तुम्ही हाक मारली होतीत का काकू, त्या दिवशी?

त्यांना आठवावं लागलं नाही. "चहा झालेला. निवंल म्हनून मारली."

मग त्यांनीच पुढं विचारलं.

"त्याला मरायला किती वेळ ऱ्हायलेला?"

"अर्धा मिनिट. तेवढाही नसेल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा, खांदे हलेपर्यंत. मग रडायला लागल्या. रडता रडता मांत्रिकाच्या दाढीवरून अंगठा फिरवत होत्या आणि माझ्याशी नाही, त्याच्याशीच बोलत होत्या.

"अवो, अर्द्या मिंटात काय चहा निवतो का?"